सरंजामाची गावे आणि हेगचे न्यायासन

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यग्रंथांत पेशवाईचे नाव सहसा आढळत नाही. ग्रोशियसपासून व्हाटेलपर्यंत आणि व्हाटेलपासून आजच्या प्राध्यापकांपर्यंत या शास्त्राची जी वंशावळ सांगितली जाते तीत पुण्याच्या कारभाऱ्यांना जागा नसते, आणि मराठ्यांनी परकीय सत्तांशी केलेले तहनामे इतिहाससंशोधकांच्या दप्तरांतच बांधलेले राहतात. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत या दाव्याचा निकाल दिला, तेव्हा नॉर्वे, चीन, रशिया, इजिप्त, अर्जेंटिना अशा नाना देशांतून आलेल्या न्यायाधीशांना सवाई माधवरावांच्या कारकीर्दीतील एका तहाचे सतरावे कलम बारकाईने वाचावे लागले, सरंजाम म्हणजे नेमके काय दिले आणि काय हाती राखले याची उकल करावी लागली, आणि पुण्याहून सुटलेल्या दोन सनदांचा अर्थ लावून मगच दादरा आणि नगरहवेली या चिमुकल्या मुलखाकडे जाणारी वाट कोणासाठी, कितपत आणि कोणाच्या मर्जीने उघडी होती हे ठरवावे लागले.

या मुलखाची रचनाच विवादाला निमंत्रण देणारी होती. समुद्रकाठचे दमण पोर्तुगीजांचे. तेथून आत सह्याद्रीच्या दिशेने गेले की वापीच्या आसपासचा मुंबई राज्याचा पट्टा लागे. तो ओलांडला की दादरा, पुन्हा भारतीय भूमीची पट्टी, आणि तिच्यापलीकडे दमणगंगेच्या खोऱ्यात, सागाच्या रानांनी वेढलेली नगरहवेली, जिचे मुख्य ठाणे सिल्वासा. म्हणजे दमणच्या गव्हर्नरास आपल्याच जिल्ह्याचा दौरा करावयाचा तर आधी परक्या राज्यात पाऊल टाकणे प्राप्त होते. ही विचित्र रचना कोणी नकाशावर ठरवून आखलेली नव्हती. ती एका तडजोडीतून निपजली, आणि ती तडजोड समजून घेतल्यावाचून हेगच्या निकालातील खोच कळणार नाही.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ संपला. त्या बाजूस दमण आणि दीव एवढीच ठाणी त्यांच्याकडे उरली. पुढे १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज धरले आणि भरपाईचे घोंगडे कित्येक वर्षे भिजत पडले. दरम्यान पुणे दरबारावर नारायणरावांचा खून, राघोबादादांचे बंड आणि इंग्रजांशी युद्ध अशी संकटांची मालिका कोसळली. १७७९ च्या जानेवारीत वडगावास इंग्रजी फौजेने हात टेकले खरे, पण युद्ध मिटले नव्हते. गुजरात आणि कोकण या दोहोंच्या सांध्यावर बसलेला पोर्तुगीज इंग्रजांच्या पंखाखाली जाऊ नये ही नाना फडणिसांची निकड होती. त्या निकडीतून १७७९ अखेरीस तह पुरा झाला. मैत्रीच्या मोबदल्यात आणि जहाजाच्या दाव्याची परतफेड म्हणून दमणलगतच्या मुलखात बारा हजार रुपये वार्षिक वसुलाची गावे पोर्तुगीजांकडे लावून देण्याचे ठरले. प्रत्यक्षात ती लागण्यास आणखी काही वर्षे गेली: १७८३ च्या सनदेने नगरहवेली परगण्यातील गावे आणि १७८५ च्या सनदेने उरलेली रक्कम भरून काढण्यापुरते दादरा.

येथे वाचकाने थोडे थांबावे. पेशव्यांच्या राज्यपद्धतीत गाव देणे आणि गावाचा वसूल देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. सरंजामदारास उत्पन्न मिळे, त्या उत्पन्नाच्या वसुलीसाठी लागेल तेवढा अमल मिळे, पण भूमीवरील राज्यसत्ता धन्याकडेच राही, आणि धन्याची मर्जी फिरली तर सरंजाम जप्त होई. सबंध मराठी राज्य अशा सरंजामांनी विणलेले होते. हे दान परकीय ख्रिस्ती सत्तेला होते एवढाच काय तो विशेष. पेशव्यांच्या मुत्सद्द्यांच्या दृष्टीने पोर्तुगालचा राजा या बारा हजारांपुरता सरंजामदारच झाला होता. आणि लिस्बनच्या दृष्टीने मात्र ‘उत्तर प्रांता’चा एक तुकडा परत मिळाला होता. दोन्ही बाजू एकाच कागदाकडे पाहून दोन निरनिराळे अर्थ मनाशी बाळगीत होत्या, आणि जोवर पुण्याची गादी शाबूत होती तोवर या मतभेदाचा जाब विचारण्याची वेळच आली नाही.

ती वेळ येण्यापूर्वी गादीच गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि भोवतालचा मुलूख मुंबई सरकारच्या अमलाखाली आला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पाहिले की या गावांत पोर्तुगीज अधिकारी बसले आहेत, तेच वसूल घेतात, तेच न्याय देतात, तेच शिक्षा करतात. पेशव्यांचे वारस या नात्याने ‘हा तर आमचा सरंजाम’ असे म्हणण्याची सोय इंग्रजांना होती. त्यांनी ते म्हटले नाही. ‘हा मुलूख पोर्तुगालचा’ अशी स्पष्ट मान्यताही त्यांनी कधी दिली नाही. ते गप्प राहिले, आणि त्या मौनावर पोर्तुगीजांनी आपले राज्य उभारले. लिस्बन हे इंग्रजांचे जुने मित्र. बारा हजारांच्या उत्पन्नासाठी कलह माजविण्यात मुंबईकर साहेबांना स्वारस्य नव्हते. इतिहासात अनेक राज्ये तलवारीने आणि काही कागदाने मिळालेली आहेत. हे राज्य शेजाऱ्याच्या आळसाने मिळाले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

दमण आणि आतील गावे यांच्यामधली ये-जा मात्र अखंड चालू राहिली. रयत, व्यापारी, दिवाणी कामगार आणि त्यांचा माल ब्रिटिश हद्दीतून बिनतक्रार जात. मिठावर बंदी असे, दारू आणि दारू गाळण्याच्या सामानावर अधूनमधून बंदी येई, महायुद्धात मालाची वाहतूक सरसकट थांबे. पण हे सारे महसुलाचे आणि सुरक्षिततेचे निर्बंध होते, वाटेलाच नकार नव्हता. शिपायांची आणि हत्यारांची गोष्ट निराळी. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहात एकाच्या सशस्त्र फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर विनंतीवाचून येऊ नये असे कलम घातले गेले. १८९० मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीजांची हत्यारबंद माणसे विनापरवाना हद्दीतून जातात. तेव्हा गोव्याच्या सरकारने उलट खुलासा पाठविला की आमचे सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही. शिष्टाचारापोटी लिहिलेले हे एक वाक्य सत्तर वर्षांनी हेगच्या न्यायासनापुढे मांडले जाईल आणि लिहिणाऱ्याच्याच सरकारचा घात करील, हे त्या लेखकाच्या स्वप्नातही आले नसेल.

स्वातंत्र्य आले. फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडण्याच्या वाटाघाटी मांडल्या. सालाझारने मात्र १९५१ मध्ये राज्यघटनाच बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नामाभिधान दिले, जेणेकरून दमण आणि लिस्बन यांत कायद्याच्या दृष्टीने फरकच राहू नये. १९५३ च्या उत्तरार्धापासून भारताने दमणहून आत जाणाऱ्यांवर निर्बंध आवळण्यास आरंभ केला. आणि १९५४ च्या जुलैत पावसाच्या ऐन भरात ते घडले जे महाराष्ट्रातील एका पिढीला तोंडपाठ होते आणि पुढच्या पिढीला शाळेच्या पुस्तकापुरतेही उरलेले नाही. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी दादराचे पोलिसठाणे घेतले, ठाण्याचा फौजदार अनिसेतो द रोझारियो झटापटीत मारला गेला. मग आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नगरहवेलीत शिरले; विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर यांच्यासारख्यांच्या जोडीला या मोहिमेत संगीतकार सुधीर फडकेही होते, ज्यांच्या गळ्यातून पुढच्याच वर्षी ‘गीतरामायण’ घरोघरी पोचणार होते, आणि शस्त्रांसाठी पैसा उभारण्यास लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. लगतच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा उभारणारे साम्यवादीही आपापल्या बाजूने पुढे सरकले. २८ जुलैस नारोली, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो उरलेल्या शिपायांसह रानातून माघार घेत राहिला आणि ११ ऑगस्टला त्याने भारतीय पोलिसांच्या स्वाधीन होणे पत्करले. दमणहून कुमक निघाली नाही, कारण निघण्याची वाट भारतीय हद्दीतून होती आणि ती आता सर्वांनाच बंद होती.

पोर्तुगालपाशी लष्करी उपाय नव्हता; उरला कायद्याचा. तोही त्याने अशा चपळाईने वापरला की दिल्लीच्या परराष्ट्र कचेरीची तारांबळ उडाली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य असल्याची घोषणा दाखल केली. आणि २२ डिसेंबरला, घोषणेची शाई वाळते न वाळते तोच, भारताविरुद्ध दावा गुदरला. भारत १९४० च्या, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील, अशाच घोषणेने बांधलेला होता. साम्राज्याच्या कागदाने स्वतंत्र भारताला साम्राज्याच्याच अखेरच्या अवशेषापुढे प्रतिवादी म्हणून उभे केले, हा योग चमत्कारिक खरा.

भारताने अधिकारक्षेत्रावर सहा प्राथमिक आक्षेप घेतले. घोषणेची नक्कल हाती पडण्याआधीच दावा दाखल करणे ही सरळसरळ कुरघोडी आहे, हा त्यांतला सर्वांत जिव्हाळ्याचा. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायालयाने चार आक्षेप फेटाळले आणि उरलेले दोन मूळ दाव्यासोबत ऐकण्याचे ठरविले. मग सुरू झाली ती खरी लढाई. भारताचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या जोडीला इंग्लंडचे सर फ्रँक सॉस्किस, ऑक्सफर्डचे वॉल्डॉक, जिनिव्हाचे गुगेनहाइम. पलीकडे बेल्जियमचे मॉरिस बूर्कँ. पीठावर भारताचे तदर्थ न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महंमद करीम छगला आणि पोर्तुगालचे तसेच फर्नांडिस. न्यायालयाचे उपाध्यक्ष होते पाकिस्तानचे झफरुल्ला खान. पेशव्यांच्या तहावर वाद घालण्यासाठी अशी पंक्ती बसेल हे पुण्यात कोणाला खरे वाटले असते?

या वादात आंतरराष्ट्रीय कायद्याचे जुने दोन पंथ समोरासमोर आले, म्हणून तो केवळ वकिली कसरत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एक पंथ ग्रोशियसचा. राष्ट्रांचा कायदा हा मनुष्याच्या बुद्धीतून आणि निसर्गातून निघतो, राजांच्या संमतीची तो वाट पाहात नाही, असे हा पंथ मानतो. ग्रोशियसने तर १६०९ मध्ये मुक्त समुद्राचा सिद्धांत मांडला तो पोर्तुगीजांच्याच पूर्वसमुद्रावरील मक्तेदारीविरुद्ध, डच कंपनीचा कैवार घेऊन. आणि १६२५ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने असेही म्हटले की निरुपद्रवी वाटसरूला न्याय्य कारण असेल तर भूमीवरूनही वाट नाकारू नये. ज्यांनी समुद्रावर परवाने विकले त्याच पोर्तुगीजांचे वारस साडेतीन शतकांनी जमिनीवरची वाट मागण्यास त्याच तत्त्वाच्या छायेत उभे राहिले. दुसरा पंथ मानतो की स्वतंत्र राष्ट्रावर त्याच्या संमतीवाचून कोणतेही बंधन लादता येत नाही. संमती तहाने दिलेली असो की दीर्घकाळच्या आचरणातून दिसलेली असो, ती दाखविता आली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात हाच पंथ प्रबळ झाला, आणि त्याच्याच नावाने आशिया-आफ्रिकेतील राज्यांना ‘राष्ट्रांच्या कुटुंबा’बाहेर ठेवले गेले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी मात्र मजेची गोष्ट केली: ज्या संमतीच्या सिद्धांताने त्यांना पूर्वी दूर लोटले, त्याचेच कवच त्यांनी अंगावर चढविले, कारण जुन्या सत्तांचे जुने हक्क नाकारण्यास त्याहून बळकट साधन नव्हते.

पोर्तुगालने दोन्ही पंथांचे दरवाजे ठोठावले. तह आहे, सव्वाशे वर्षांची वहिवाट आहे. आणि ती नसती तरी परक्या भूमीने वेढलेल्या मालकाला आपल्या जमिनीपर्यंत जाण्याची वाट असावी हे सर्व सुसंस्कृत राष्ट्रांच्या कायद्याचे सामान्य तत्त्व आहे, असे त्याचे म्हणणे. या शेवटच्या मुद्द्यासाठी मॅक्स ऱ्हाइनश्टाइन या विद्वानाकडून चौसष्ट देशांच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास करवून तो न्यायालयापुढे ठेवण्यात आला. युक्तिवाद मोठा आकर्षक आहे. आमच्याकडेही शेताला रस्ता नसेल तर शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क मामलेदार देतोच. पण शेतकऱ्याच्या वरती मामलेदार असतो. राष्ट्राच्या वरती कोण असतो? खासगी मालकीचा न्याय राज्यसत्तेला जसाच्या तसा लावता येतो का, हा प्रश्न ग्रोशियसच्या काळापासून अनुत्तरित आहे, आणि न्यायालयाने तो शहाणपणाने तसाच ठेवला. या दोन देशांतील प्रत्यक्ष व्यवहारावरूनच उत्तर मिळत असेल तर सामान्य तत्त्वांच्या अरण्यात शिरण्याचे कारण नाही, अशी त्याची भूमिका होती.

भारताची बाजू अशी की मुळात १७७९ चा तह कायदेशीररीत्या पुरा झालाच नाही; दोन्ही बाजूंच्या कागदांतील मजकूर जुळत नाही; आणि झाला असला तरी त्याने सरंजामापलीकडे काही दिले नाही. शिवाय केवळ दोन राष्ट्रांमध्ये रूढी निर्माण होऊच शकत नाही, रूढीला अनेकांचे आचरण लागते. यांपैकी पहिला मुद्दा मराठी वाचकाला थोडा खटकावा. पेशव्यांनी स्वतः पाळलेला, आपल्या सनदांत ज्याचा हवाला दिला असा तह अवैध ठरविण्याची पाळी पेशव्यांच्या मुलखाच्या आजच्या वारसावर यावी, हे दाव्याच्या सोयीसाठी केलेले विधान होते. न्यायालयाने ते मानले नाही, आणि का मानले नाही ते महत्त्वाचे आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस, त्या वेळच्या हिंदुस्थानातील परिस्थितीत झालेल्या तहाची वैधता पुढे हळूहळू घडत गेलेल्या प्रथांच्या मापाने मोजू नये, असे ते म्हणाले. हक्क ज्या काळात जन्मतो त्या काळाच्या कायद्याने त्याचा जन्म तपासावा, हे सूत्र माक्स हुबर यांनी १९२८ मध्ये पाल्मास बेटाच्या लवाद-निर्णयात मांडले होते. त्याच सूत्राने पुणे दरबार हा तह करण्यास समर्थ असा राष्ट्रांच्या व्यवहारातील पूर्ण पक्ष ठरला. मद्रासला अध्यापन करणारे अलेक्झांड्रोविच पुढे आपल्या ग्रंथात ज्या गोष्टीचा आग्रह धरणार होते, की युरोपीय सत्ता आणि पूर्वेकडील राज्ये अठराव्या शतकापर्यंत समपातळीवर तह करीत होती, तिला हेगच्या निकालात असा अनपेक्षित आधार मिळतो.

पण तह वैध ठरला म्हणून पोर्तुगाल जिंकला नाही. सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ पाहून न्यायालयाने म्हटले की त्यांतून सार्वभौमत्व देण्याचा हेतू सिद्ध होत नाही. मराठ्यांना मुलूख कायमचा द्यावयाचा असे तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत, येथे तर बारा हजारांचा सरंजाम आहे, आणि सरंजाम म्हणजे राज्यदान असा अर्थ लावल्याचे एकही उदाहरण दाखविण्यात आले नाही. म्हणून मराठी अमलात ही गावे मराठ्यांचीच होती, आणि ज्याचा मुलूखच नाही त्याला मुलखाकडे जाण्याचा राज्याधिकार कुठला? नाना फडणिसांच्या कारकुनांनी कलम जपून लिहिले होते, याला एवढे मोठे प्रशस्तिपत्र मिळाल्याचे मला तरी दुसरे उदाहरण ठाऊक नाही.

इंग्रजी अमलाने मात्र चित्र पालटले. पोर्तुगीजांची सत्ता इंग्रजांनी वस्तुतः आणि ध्वनिताने मान्य केली, स्वतंत्र भारतानेही काही काळ ती मुकाट्याने चालविली, असा न्यायालयाचा निष्कर्ष. आणि त्या सव्वाशे वर्षांत खासगी माणसे, दिवाणी अधिकारी व सामान्य माल यांची अखंड, एकसारखी ये-जा झाल्यामुळे तिला हक्काचे स्वरूप आले. रूढीसाठी दोन राष्ट्रे पुरत नाहीत हे भारताचे म्हणणे न्यायालयाने नाकारले: दीर्घकाळ चाललेले आचरण दोघांनी आपसांतील हक्क-कर्तव्य म्हणून मानले तर तेवढ्याने भागते. या एका वाक्याने ‘स्थानिक रूढी’चा सिद्धांत कायमचा ग्रंथांत गेला. सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांबाबत मात्र प्रत्येक वेळी परवानगी मागितली गेली होती, आणि १८९० चा तो खुलासा त्याची साक्ष होता. ज्यासाठी दर वेळी विचारावे लागते तो हक्क नव्हे, ती शेजाऱ्याची मेहेरबानी. पहिला भाग अकरा विरुद्ध चार मतांनी, दुसरा आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. एका मताच्या अंतरावर पोर्तुगीज बंदुकांची वाट अडली, हे ध्यानात घेतले म्हणजे निकालपत्राच्या शांत भाषेखाली किती ताण होता ते उमगते.

उरला शेवटचा प्रश्न: १९५४ मध्ये भारताने पोर्तुगालचा मान्य झालेला हक्कही मोडला की नाही? न्यायालयाने नऊ विरुद्ध सहा मतांनी नाही म्हटले. वाटेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारताचा. दादरातील उलथापालथीने आसपासच्या प्रदेशात तणाव माजला होता. २१ जुलैपर्यंत तर दमणच्या गव्हर्नरास दादराला जाऊन येण्याचे परवाने मिळालेच होते. त्यानंतरची बंदी त्या नियंत्रणाच्याच कक्षेत बसते. परिणामी दोन्ही राजधान्यांत विजयाचे ढोल वाजले, आणि दोन्हींना तसे वाजविण्यास काही ना काही आधार होता. लिस्बनला हक्क मिळाला पण वाट मिळाली नाही. दिल्लीला वाट बंद ठेवता आली पण १९५४ पर्यंत तेथे पोर्तुगालचे सार्वभौमत्व होते हे ऐकून घ्यावे लागले.

पुष्कळ टीकाकारांनी या निकालाला तडजोडीचा, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हटले आहे. मला ते अर्धेच पटते. हक्क आणि परवानगी यांतला जो भेद न्यायालयाने केला तो इतका शुद्ध आणि पुराव्याला इतका धरून आहे की त्यात राजकीय तोल साधला असेल तरी तो कायद्याला पिळून साधलेला नाही. दोष असेल तर तो दुसरीकडे आहे. १७७९ पासून १९५४ पर्यंतच्या दप्तरात पेशवे आहेत, व्हाइसरॉय आहेत, मुंबईचे सचिव आहेत. ज्यांच्या गावांचा हा सरंजाम ते वारली, कोकणा, धोडिया कोठेच नाहीत. त्यांचा वसूल लिहिला गेला, मत कधी विचारले गेले नाही. वहिवाट मोजताना ती फक्त सत्ताधीशांची मोजली गेली. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किंताना यांनी आपल्या भिन्नमतात एवढे तरी सुचविले की निर्विवाद पुराव्यावाचून पोर्तुगालचा दावा उचलून धरणे म्हणजे वसाहतवादाला जीवदान देणे, आणि ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेशी विसंगत आहे. न्यायमूर्ती छगला यांनीही स्वतंत्र भिन्नमत लिहिले. बहुमताने मात्र १९५४ च्या कायद्याने १९५४ चा प्रश्न सोडविला आणि लोकांच्या आत्मनिर्णयाच्या हक्काकडे वळून पाहिले नाही.

जग मात्र त्याच वर्षी वळले. निकालानंतर आठ महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या मुक्तीचा ठराव क्रमांक १५१४ संमत केला, आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ठरावाने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादी करून त्यांत गोवा व त्याचे उपप्रदेश घातले. सालाझारच्या ‘सागरापलीकडच्या प्रांतां’चा पडदा त्याने फाटला. आत्मनिर्णय हा निव्वळ राजकीय घोष आहे की कायद्याचा नियम, यावर पुढे कित्येक वर्षे काथ्याकूट झाला. न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयक अभिप्रायात त्याला कायद्याच्या पंक्तीत बसविले, आणि २०१९ मध्ये चागोस बेटांच्या प्रकरणी तर म्हटले की साठोत्तरी दशकात ब्रिटनने मॉरिशसपासून ही बेटे तोडली तेव्हाच हा नियम रूढ झालेला होता. चागोसच्या न्यायाधीशांपुढे तेथून हाकलले गेलेले बेटवासी होते. हेगच्या १९६० च्या दालनात वारल्यांना तेवढीही जागा नव्हती.

दादऱ्याचा निकाल तरीही जिवंत राहिला तो त्याच्या छोट्या सूत्रामुळे. २००९ मध्ये निकाराग्वा आणि कोस्टारिका यांच्या सान हुआन नदीवरील वादात न्यायालयाने कोस्टारिकेच्या काठच्या गरीब कोळ्यांचा पोटापुरती मासेमारी करण्याचा हक्क दोन देशांमधील दीर्घ वहिवाटीवरूनच मान्य केला. या वेळी ती वहिवाट सरकारांची नव्हती, माणसांची होती. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत लाचिनच्या खिंडीतून वेढलेल्या नागोर्नो-काराबाखकडे जाणारी वाट अझरबैजानने मोकळी ठेवावी असा अंतरिम आदेश देण्याची वेळ त्याच न्यायालयावर आली. आदेश झाला, पण त्या वर्षाच्या सप्टेंबरात त्या मुलखातील बहुतेक सर्व आर्मेनियन लोकसंख्या त्याच वाटेने बाहेर पडली. वेढलेला मुलूख हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना रोग आहे. आपल्याकडे कूचबिहारच्या सीमेवर तो १६२ छिटमहालांच्या रूपाने होता, आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत-बांगलादेश यांनी हे तुकडे अदलाबदल करून तो जवळजवळ मुळासकट उपटला. वाटेचा हक्क कोणाचा हे ठरविण्यापेक्षा वेढाच नाहीसा करणे त्यांनी पसंत केले.

दादरा-नगरहवेलीत त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९५४ पासून सात वर्षे हा मुलूख कोणत्याच देशाचा भाग नसल्यासारखा होता. वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार पाही, भारत सरकार अधिकारी पाठवी, पण विलीनीकरण करीत नसे, कारण हेगमध्ये दावा चालू होता. १९६० च्या निकालाने तो अडसर दूर झाल्यावर, १९६१ मध्ये के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याला काही काळापुरते तेथील प्रधानमंत्री करण्यात आले, जेणेकरून नेहरूंशी विलीनीकरणाचा करार करण्यास समपदस्थ सही मिळावी. ऑगस्टमध्ये घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने मुलूख भारतात आला. डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव आले, आणि त्या वेळी सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. लिस्बनने हे काही मानले नाही. ते मानण्यास १९७४ ची क्रांती व्हावी लागली. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत तह होऊन पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तेही ते प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून. म्हणजे दादरा-नगरहवेलीपुरते १९६१ पासून. १९५४ च्या ऑगस्टपासून १९६१ च्या ऑगस्टपर्यंत तो मुलूख कोणाच्या सार्वभौमत्वाखाली होता, याचे उत्तर १९७४ च्या तहात नाही, हेगच्या निकालात नाही, आणि वरिष्ठ पंचायतीच्या दप्तरात कोणी शोधले तर तिथे बहुधा चराईचे, रस्त्यांचे आणि जंगलखात्याच्या दंडाचे कागद सापडतील.